सालीसकट लाकूड : अ‍ॅडिरोंडॅकची वनगृहे आणि त्यांचे सुतार

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील अ‍ॅडिरोंडॅक पर्वतप्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओंडक्यांच्या घरांची एक वेगळी परंपरा घडली, आणि आज अमेरिकेच्या रानावनात सुट्टीपुरती भाड्याने मिळणारी जी ओंडक्यांची घरे दिसतात, त्यांतील फांद्यांच्या पलंगावर आणि ओसरीवरच्या कलत्या पाठीच्या खुर्चीवर बहुधा याच परंपरेची छाप असते. ओंडक्यांचे घर मुळात याहून बरेच जुने आहे; १६३८ मध्ये डेलावेअर नदीकाठी स्वीडनची वसाहत उभी राहिली, तेव्हा तेथील स्वीडिश व फिनिश लोकांनी ओंडक्यांच्या टोकांना खाचा पाडून ते कोपऱ्यात एकमेकांत अडकवण्याची रीत आपल्याबरोबर आणली होती. मात्र ते घर गरजेचे होते आणि चार पैसे गाठीला जमताच मालक ते सोडून फळ्यांच्या घरात राहायला जाई. अ‍ॅडिरोंडॅकमध्ये तेच घर धनिकांच्या हौसेचा विषय झाले.

या हौसेला निमित्त झाले ते बॉस्टनचे धर्मोपदेशक विल्यम मरी यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासपर पुस्तकाचे. ते वाचून शहरी लोकांची या सरोवरांकडे रीघ लागली. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या उभारणीतील एक प्रमुख असामी, थॉमस ड्युरंट, यांची या भागात विस्तीर्ण जमीन होती, आणि त्यांचे पुत्र विल्यम वेस्ट ड्युरंट यांनी १८७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॅकेट सरोवराच्या काठी ‘पाइन नॉट’ हे वनगृह बांधायला घेतले. अशा वनगृहाला तिकडे ‘कॅम्प’ म्हणतात, पण त्याचा अर्थ तंबूंची छावणी असा नसून झोपण्याची, जेवणाची, स्वयंपाकाची अशी निरनिराळी घरे एका आवारात असलेली वस्ती असा आहे. आगीचे भय विभागले जावे हा या रचनेचा एक लाभ होता. दुसरा लाभ असा की, वस्ती कधीच पुरी व्हावी लागत नसे. पाइन नॉटमध्ये आधी साध्या खोल्या उठल्या, मग स्विस धाटणीचे घर आले, पुढे चावणाऱ्या माश्यांपासून सुटका व्हावी म्हणून पाण्यावर तरंगणारे घरही आले, आणि १८९५ मध्ये कॉलिस हंटिंग्टन यांनी ही जागा विकत घेईपर्यंत तेथील बांधकाम चालूच राहिले.

ग्रंथांतून ड्युरंट यांचे नाव ठळक राहिले आणि ते योग्यही आहे, परंतु या वनगृहांना खरे रूप दिले ते आसपासच्या वाटाड्यांनी, लाकूडतोड्यांनी आणि सुतारांनी. हे लोक उन्हाळ्यात पाहुण्यांना होड्यांतून फिरवीत आणि सरोवरे गोठली की आवारातच राहून बांधकाम व सामानसुमान करीत. त्यांचे वर्ष मालकाच्या फर्मानापेक्षा झाडाच्या रसावर चाले. सालीसकट ओंडका हवा असेल तर झाड हिवाळ्यात तोडावे लागते, कारण तेव्हा रस उतरलेला असतो आणि साल खोडाला घट्ट धरून राहते. वसंतात तोडलेल्या झाडाची साल पुढे सुटून येते. बर्चच्या सालीचे याच्या अगदी उलट आहे. बर्च म्हणजे ज्याच्या सालीवर भारतात पोथ्या लिहिल्या गेल्या, त्या भूर्जाच्याच कुळातले झाड. त्याची साल उन्हाळ्याच्या आरंभी, रस भरात असताना, खोडावर एक उभी चीर देऊन हाताने अखंड सोडवता येते. मग ती वजनाखाली सपाट करून ठेवीत आणि थंडीच्या दिवसांत भिंतींना, कपाटांना व मेजांना डकवीत. म्हणजे एका कपाटात दोन ऋतूंची तोड एकत्र येई.

अपर सॅरनॅक सरोवराच्या परिसरात १९००च्या सुमारास काम करणारे अर्नेस्ट स्टो यांच्या वस्तूंत ही कला सर्वांत संयत रूपात दिसते. मेजाचा किंवा कपाटाचा सांगाडा साध्या फळ्यांचा, त्यावर पांढऱ्या भूर्जाची साल आणि कडांना पिवळ्या भूर्जाच्या सालीसकट काठ्या, एवढ्या थोड्या साहित्यात त्यांनी शहरी दिवाणखान्याला शोभेल असा रेखीवपणा साधला. इतर कारागीर डहाळ्या उभ्या चिरून त्यांच्या अर्धगोल पट्ट्या खिळ्यांनी जडवीत आणि त्यांतून तारे, शंकरपाळे, सूर्यकिरण अशी नक्षी भरीत. डोळा या नक्षीवर खिळतो, पण खुर्चीचे आयुष्य ठरते ते सांध्यावर : एका काठीचे टोक तासून केलेली कूस दुसऱ्या काठीत सामत्याने पाडलेल्या भोकात, म्हणजे खोबणीत, ठोकून बसवतात, आणि कूस पुरती वाळलेली व खोबणीची काठी किंचित ओली असेल तर ती काठी सुकताना आवळत जाऊन कूस पक्की धरून ठेवते.

कलत्या पाठीच्या खुर्चीची कुळी मात्र वेगळी आहे. शँप्लेन सरोवराकाठच्या वेस्टपोर्ट गावी १९०३ मध्ये थॉमस ली यांनी फळ्यांची ही रुंद हातांची खुर्ची बनवली. हॅरी बनेल या सुतार मित्राला हिवाळ्यात काम मिळावे म्हणून त्यांनी ती त्याला दाखवली, आणि बनेलने १९०५ मध्ये तिचे पेटंट आपल्या नावावर घेतले. तिच्यात सालही नाही आणि फांदीही नाही. तरी पुढे प्रदेशाचे नाव तिलाच चिकटले.

या घरांची जी शोभा तीच त्यांची दुखरी जागाही आहे. साल ओलावा धरून ठेवते, तिच्याआड किडे अंडी घालतात, आणि जमिनीलगतचा सर्वांत खालचा ओंडका, ज्यावर सगळ्या भिंतीचा भार असतो, तोच बर्फाच्या पाण्याने आधी कुजतो. तेव्हा भिंत जॅकवर केसभर उचलून धरायची, कुजका ओंडका काढून त्याच जाडीचा दुसरा सारायचा आणि भिंत पुन्हा बसवायची, हे काम अशा घराला काही वर्षांनी करावेच लागते. म्हणून वनगृहाची डागडुजी हा त्याच्या बांधकामाचाच पुढचा भाग मानला पाहिजे.

ही गोष्ट कायद्याच्या पातळीवर ‘सॅगामोर’ या वनगृहाच्या बाबतीत पुढे आली. १८९७ मध्ये ड्युरंट यांनी ते पुरे केले आणि १९०१ मध्ये आल्फ्रेड व्हँडरबिल्ट यांना विकले. व्हँडरबिल्ट कुटुंबाने त्यात भर घालत नेली. पुढे ही मालमत्ता राज्याकडे येण्याच्या ओघात १९७५ मध्ये मुख्य वास्तू एका सार्वजनिक संस्थेने घेतल्या, पण कामगारांच्या इमारती, म्हणजे लोहारशाळा, गाड्यांची पागा, कोंबड्यांचे खुराडे आणि राहण्याच्या खोल्या, राज्याच्या वाट्याला गेल्या. १८९४च्या राज्यघटनेने सरकारी वन सदैव रानच राहील असे बजावले असल्यामुळे तेथे इमारती राखण्यास जागा नव्हती, आणि जंगल वाचवण्यासाठी केलेली तरतूद जंगलातच हयात घालवलेल्या कारागिरांच्या घरांवर उठली. अखेर १९८३ मध्ये राज्यातील मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली, आणि सुमारे १० एकर जागा इमारतींसह त्या संस्थेला देऊन त्याबदली राज्याने किमान २०० एकर वनजमीन घ्यावी असे ठरले. आज सॅगामोरला मुक्कामी येणाऱ्या पाहुण्यांना सरोवराकाठची मुख्य वास्तू दाखवतात, तशा या इमारतीही दाखवतात.