फायब्रोमायॅल्जिया : वेदनेवरील मानसशास्त्रीय उपचार

फायब्रोमायॅल्जियात अंगभर दुखणे, थकवा, झोपूनही ताजेतवाने न वाटणे आणि लक्ष न लागणे ही लक्षणे महिनोन्‌महिने टिकतात. रक्ततपासणीत किंवा एक्स-रेमध्ये मात्र त्याचा पुरावा सापडत नाही. त्यामुळे ‘सगळे मनाचे खेळ’ असा शेरा रुग्णांना, त्यातही स्त्रियांना, वारंवार ऐकावा लागतो. हा शेरा चुकीचा आहे. या विकारात चेतासंस्थाच वेदनेचे संदेश वाढवून घेते. दुखणे खरे असते.

मग मानसोपचार कशासाठी? रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांतानुसार वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त होतात आणि त्यावर मेंदूकडून येणाऱ्या संदेशांचाही परिणाम होतो. म्हणजेच भीती, लक्ष आणि पूर्वानुभव हे वेदनेच्या जडणघडणीतच असतात. सिॲटलमधील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी रुग्णाच्या वागण्याकडे लक्ष वळवले. दुखले की गोळी आणि दुखले की विश्रांती, ही सांगड त्यांनी तोडली. औषध घड्याळाप्रमाणे द्यायचे आणि विश्रांती ठरलेले काम झाल्यावर घ्यायची, अशी त्यांची पद्धत होती.

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो बोधनिक वर्तनोपचाराचा. मराठी वाचकांना परिचित असलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच कुळातली. ‘हे आता कधीच थांबणार नाही’ यासारखे विचार रुग्ण येथे तपासून पाहतो. त्याहून उपयोगी, निदान रोजच्या जगण्यात, ठरते ते कामाचे नियोजन. बरे वाटले की तुंबलेली सगळी कामे एका दिवसात उरकायची आणि नंतर अंथरूण धरायचे, हे चक्र बहुतेक रुग्णांच्या ओळखीचे असते. ते मोडण्यासाठी चांगल्या-वाईट दोन्ही दिवशी ठरावीकच काम करायचे असते. निद्रानाशासाठी बोधनिक वर्तनोपचाराचीच वेगळी शाखा आहे.

जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम आणि स्वीकार व बांधिलकी उपचार, हे दोन्ही वेदनेशी झुंजण्याचा हट्ट सोडायला शिकवतात. दडपलेल्या भावना व जुने आघात यांवर काम करणारी पद्धत तुलनेने नवी आहे. 2017 मधील एका अमेरिकी चाचणीत काही निकषांवर ती बोधनिक वर्तनोपचाराहून सरस ठरली.

या उपचारांकडून अपेक्षा माफक ठेवाव्यात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2013 मधील आढाव्यात, 23 चाचण्यांच्या आधारे, बोधनिक वर्तनोपचाराने वेदना, खिन्नता व अक्षमता थोड्या प्रमाणात घटल्याचे दिसले. हा लाभ सहा महिन्यांनंतरही टिकला होता. युरोपीय संधिवात संघटनेच्या 2016 च्या सुधारित शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो एकट्या व्यायामाला. बोधनिक वर्तनोपचाराची शिफारस सौम्य असून, मानसशास्त्रीय उपचारांचा विचार मुख्यतः खिन्नता किंवा दुखण्याला तोंड देण्याच्या अपायकारक सवयी असलेल्या रुग्णांसाठी करावा, असे त्यात म्हटले आहे.