गंगेचा कालवा आणि पाण्याच्या जुन्या वाटा

हरिद्वारला हर की पौडीवर तुम्ही स्नान केले असेल, तर तुमच्या अंगावरून गेलेले पाणी पुढे मायापूरपाशी कालव्यात शिरून शेताच्या कामाला लागले असे समजा. यात्रेकरूला याची गंधवार्ताही नसते.

१८३७-३८ च्या दुष्काळात गंगा-यमुनेच्या दुआबात माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा कुठे कंपनी सरकारला जाग आली. १८४२ साली खोदाई सुरू झाली आणि १८५४ च्या एप्रिलमध्ये कालव्यात पाणी सोडले. योजना प्रॉबी कॉटली या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याची. शिवालिकच्या टेकड्यांत शिवाथेरिअम नावाच्या, जिराफाच्या कुळातल्या अजस्र प्राण्याचे आणि इतर कितीतरी लुप्त जनावरांचे अवशेष त्याने व डॉ. ह्यू फॉकनर यांनी उजेडात आणले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३७ साली दोघांना वोलॅस्टन पदक दिले. या टेकड्या ठिसूळ वाळूखडकाच्या आणि गोट्यांच्या. त्या हातोडीने फोडून पाहिलेल्या माणसाला पावसाळ्यात तिथून काय लोंढा येणार, हे वेगळे सांगायला नकोच!

आणि खरी अडचण तीच होती. हरिद्वार ते रुडकी या टापूत चार डोंगरी प्रवाह कालव्याच्या आडवे येतात. त्यांना बांध घालून अडवावे, तर पहिल्याच पावसात सारे वाहून जायचे. तेव्हा प्रत्येकाला त्याची वाट मोकळी करून दिली. राणीपूर आणि पथरी हे दोन प्रवाह पुलांवरून कालव्याच्या डोक्यावरून नेले. धनौरीला रातमऊ नदी कालव्याच्या पातळीतच येऊन मिळते. तिथे दरवाजे ठेवले, ते उघडले की पूर पलीकडे निघून जातो. रुडकीजवळची सोलानी मात्र मोठी. तिच्यावरून कालवाच न्यायचा ठरला: पन्नास फुटी पंधरा कमानी, त्यांवरून वाहणारे गंगेचे पाणी, आणि खाली निवांत चाललेली सोलानी.

या एका पुलापायी रुडकीचा कायापालट झाला. विटांच्या भट्ट्या पेटल्या, चुना-सुरखीचे ढीग पडले, लोखंडी कामाचा कारखाना उभा राहिला. शिकलेले ओव्हरसीअर मिळेनात म्हणून १८४७ मध्ये कॉलेज निघाले. आजची रुडकीची आय.आय.टी. ती हीच. भरावाची माती ओढायला १८५१ च्या अखेरीस इथे वाफेचे इंजिन धावले. बोरीबंदर-ठाणे गाडी निघाली ती १८५३ मध्ये! आपण मुंबईकडची मंडळी पहिल्या आगगाडीचा मान सांगतो. तो उतारूंच्या गाडीपुरता खरा आहे, एवढेच.

इथवर सगळे कौतुकाचेच. पण डोंगरी नद्यांना जो मान दिला, तो खाली मैदानातल्या लहानसहान ओहळांच्या वाट्याला आला नाही. कालव्याचे आणि फाट्यांचे भराव त्यांच्या वाटेत आडवे पडले, पावसाचे पाणी शेतांत तुंबले. धोक्याची सूचना नव्हती असेही नाही. यमुनेच्या जुन्या कालव्यांकाठी ताप का पसरतो, हे पाहायला १८४५ मध्ये समिती नेमली होती. तिच्यातले डॉ. डेम्प्स्टर गावोगाव लोकांच्या पोटावर हात ठेवून पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली आहे का ते तपासत. डासाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी दाखवला तो १८९७ साली. परंतु पाण्याचा निचरा अडला की ताप येतो, एवढे या समितीने १८४७ मध्येच सांगितले होते. ऐकले अर्धेमुर्धे. पुढे अलिगढकडे जमिनीतले पाणी वर चढले आणि शेतांवर पांढरा खार फुटला. तिकडे त्याला 'रेह' म्हणतात. आपल्या नीरा कालव्याखालच्या शेतकऱ्याला 'चोपण' म्हटले की पुरे. मग चर खणून निचऱ्याची सोय करणे आले, तेही पिके आणि माणसे गमावल्यावर.

कालव्याचा उतारही जास्त पडला होता. तळ खरवडू लागला, म्हणून बांधकामात पुष्कळ दुरुस्त्या कराव्या लागल्या. उतार मोडण्यासाठी जे धबधबे ठेवले होते, त्यांतल्या काहींवर विसाव्या शतकात वीज निघाली, आणि त्या विजेवर दुआबात सरकारी नळविहिरी चालल्या.

दसरा-दिवाळीच्या सुमारास गाळ काढायला कालवा बंद ठेवतात. तेव्हा हरिद्वारला कोरड्या पात्रात उतरून लोक यात्रेकरूंनी टाकलेली नाणी शोधत असतात.