हुंडी

हुंडी म्हणजे ठरावीक रक्कम विशिष्ट व्यक्तीस अथवा तिच्या सांगण्यानुसार द्यावी, असा एका पेढीने दुसऱ्या पेढीवर लिहिलेला आदेश होय. नाणी प्रत्यक्ष न हलवता पैसा परगावी पोचवणे आणि व्यापारासाठी कर्ज उभारणे, ही तिची मुख्य कार्ये होती.

पार्श्वभूमी

मोगलकालीन चांदीच्या रुपयाचे वजन सुमारे ११.५ ग्रॅम असे. म्हणजे दहा हजार रुपयांचे ओझे शंभर किलोहून अधिक होई. वाटेत लुटीचे भय असे. शिवाय टांकसाळीगणिक नाणे बदले व परक्या नाण्यावर बट्टा द्यावा लागे.

कार्यपद्धती

पुण्याच्या व्यापाऱ्यास काशीला पैसे हवे असल्यास तो पुण्यातील सावकाराकडे रक्कम भरून हुंडी घेई व काशीच्या पेढीवर ती वटवी. या सेवेच्या मोबदल्यास *हुंडणावळ* म्हणत. पेढ्यांचा आपसांतील हिशेब उलट दिशेने आलेल्या हुंड्यांनी बराचसा फिटे. उरलेल्या बाकीपुरतीच नाणी पाठवावी लागत.

रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून तिचा उल्लेख 'निमे इतके, त्याची दुप्पट' असाही करीत. हुंडी गहाळ झाल्यास *पैठ* व तीही हरवल्यास *परपैठ* ही प्रत मिळे.

प्रकार

* *दर्शनी* : दाखवताच पैसे देय.
* *मुदती* : ठरलेल्या मुदतीनंतर देय.
* *शाहजोग* : बाजारात पत असलेल्या 'शाहा'सच देय. त्यामुळे चोरलेली हुंडी चोरास सहजी वटवता येत नसे.
* *जोखमी* : माल सुखरूप पोचला तरच देय. हिच्यात विम्याचा अंश असे.

इतिहास

सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सुरतेवरील हुंड्यांचे दर नोंदवले आहेत. अहमदाबादेहून १ ते १.५ टक्का, तर लाहोरहून सव्वासहा टक्क्यांपर्यंत आकार पडे. पेशवाईत दूरच्या मुलखातील वसुली पुण्यास आणण्यासाठी सरकारही सावकारांच्या हुंड्यांवर अवलंबून असे. त्यामुळे सावकारांच्या पतीला राजकीय महत्त्व आले.

ऱ्हास

१८३५ मध्ये कंपनीच्या मुलखात एकसारखा रुपया सुरू झाल्याने नाणेबदलाचा धंदा घटू लागला. १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा आल्या. १८८० मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील हुंड्यांचे व्यवहार स्थानिक रूढीवर सोडले. बँकांचा विस्तार झाल्यावर हुंडी मागे पडली. मात्र धनादेश वा ड्राफ्टमागील तत्त्व, म्हणजे धातूऐवजी देणाऱ्याच्या पतीवर चालणारा व्यवहार, या देशाला हुंडीमुळे आधीच परिचित होते.