खुंटा हलवून बळकट

माझ्या लहानपणी दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की आत्या कोपऱ्यातले जाते पुढे ओढी. चकलीच्या भाजणीला गिरणीचे पीठ तिला कधी रुचले नाही. दळायला बसण्यापूर्वी ती एक गोष्ट न चुकता करी. जात्याचा खुंटा मुठीत धरून दोनदा गदागदा हलवी. किंचित ढिला वाटला तर वरून ठोका घाली आणि पुन्हा हलवून पाही. “आत्ताच काय डगमगायचे ते डगमगू दे,” ती म्हणे, “दळण निम्म्यावर आल्यावर हातात यायला नको.”

त्याच आत्याचा उजवा खुबा दोन वर्षांपूर्वी पार झिजला. डॉक्टरांनी तो काढून त्या जागी धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी सिमेंटने पक्की केली. तिसऱ्या दिवशी आत्या उभी राहिली. गेल्या दिवाळीत खुर्चीवर बसून तिने तळणाची कढई सांभाळली. पण डॉक्टरांचा निरोप आला की, फोटो काढायला या. आत्या चिडली. “दुखत नाही, खुपत नाही; मग फोटो कशाला?”

मी पडलो मॅट्रिकपुढे न गेलेला शाळामास्तर. मला उत्तर देता आले नाही. म्हणून पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले, तेव्हा ह्या एका प्रश्नामागे केवढा इतिहास आहे ते कळले. तोच वाचकांपुढे ठेवतो.

शाळेच्या पुस्तकात खुब्याला उखळीचा सांधा म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या वाटीत फिरतो. चालताना एका पायावर भार आला की ह्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने दाब पडतो, आणि हिंडता-फिरता माणूस वर्षाकाठी लाखो पावले टाकतो. इतका भार सोसणारी वस्तू जिवंत हाडात पक्की बसवायची, ही ह्या विद्येतली खरी अडचण.

बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक ह्या शल्यवैद्याने १८९० च्या सुमारास क्षयाने किडलेल्या सांध्यांच्या जागी हस्तिदंताचे सांधे बसवले. पू होऊन ते निकामी ठरले. १९३८ साली लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी पोलादी गोळा व पोलादी वाटी वापरून पाहिली. १९४६ मध्ये पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोळा आखूड दांड्यासह हाडात बसवला. त्याचा बोलबाला झाला, पण पुढे असे पुष्कळ गोळे झिजले, ढिले झाले. असाच गोळा बसवलेला एक इंग्रज गृहस्थ हलला की त्याचा खुबा गाडीच्या कोरड्या आसासारखा कुरकुरे. त्याची पत्नी त्या आवाजाला कंटाळून त्याच्याबरोबर जेवायला बसणे टाळी. जॉन चार्न्ले नावाच्या शल्यवैद्याला ह्या कुरकुरीने विचारात पाडले.

चार्न्ले १९११ साली लँकाशायरमधल्या बरी गावी जन्मले. त्याच परगण्यातल्या राइटिंग्टनच्या जुन्या क्षयरुग्णालयात त्यांनी आपले काम मांडले. कुरकुर म्हणजे घर्षण, आणि घर्षण गोळ्याला मुळातून हलवणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. गोळा लहान केला, जेमतेम २२ मिलिमीटर व्यासाचा. आणि वाटीसाठी आपल्या बिनचिकट तव्यावर असते ते टेफ्लॉन घेतले. गोळ्याचा दांडा हाडाच्या पोकळीत बसवण्यासाठी त्यांनी दातांच्या कवळ्या ज्या ॲक्रिलिकच्या करतात ते निवडले. मँचेस्टरचे डेनिस स्मिथ हे दंतविद्येतील पदार्थांचे जाणकार त्यांना ह्या कामी सल्ला देत.

ह्या सिमेंटबद्दल एक गैरसमज असतो. ते डिंकासारखे चिकटत नाही. भुकटी आणि द्रव कालवून केलेला मऊ गोळा हाडाच्या सच्छिद्र अंगात शिरतो आणि काही मिनिटांत गरम होऊन घट्ट होतो. दगडी भिंतीच्या फटींत चुना बसावा तसा तो बसतो. त्यामुळे भार एका टोकावर न येता सबंध हाडावर वाटला जातो.

१९५८ पासूनच्या चार वर्षांत चार्न्ले यांनी सुमारे तीनशे रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. १९६१ साली ‘लॅन्सेट’ ह्या प्रतिष्ठित वैद्यकीय पत्रात त्यांनी आपली शस्त्रक्रिया प्रसिद्धही केली. आणि मग दैव फिरले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन इतके झिजले की गोळा वाटीत खोल रुतून बसला, आणि झिजलेल्या कणांनी भोवतालचे मांस बिघडवले. सिमेंटने दांडा धरून ठेवला होता, पण वाटीने दगा दिला. चार्न्ले यांनी त्या रुग्णांना पुन्हा टेबलावर घेतले. एकेकाची वाटी स्वतः बदलायला ते उभे राहिले. शिवाय टेफ्लॉनचे बारीक कण स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले. तिथे गाठी आल्या तेव्हा त्यांची खात्री पटली. आपली चूक दुसऱ्याच्या देहावर सोडून न देणारा असा माणूस विरळा.

पुढची हकीगत कादंबरीकाराला सुचली असती तर संपादकांनी ती छापली नसती. लँकाशायरच्या कापडगिरण्यांतील मागांना प्लॅस्टिकची दंतचक्रे विकणारा एक विक्रेता राइटिंग्टनच्या कार्यशाळेत आला. त्याच्याजवळ पॉलिथिलीनचा दाट प्रकार होता. चार्न्ले यांनी तुकड्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि वेळ वाया घालवू नकोस, असे कारागीर हॅरी क्रेव्हनला सांगून ते निघून गेले. क्रेव्हनने मात्र तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र फिरले, तरी टेफ्लॉनची एका दिवसात होई तेवढी झीजही ह्या पदार्थाची झाली नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये नव्या पदार्थाची पहिली वाटी बसली. आज जगभर बसतात त्या वाट्या तिच्याच वंशातल्या.

एकदा पोळलेले चार्न्ले आता ताक फुंकून पिऊ लागले. राइटिंग्टनला येऊन काम न शिकलेल्या शल्यवैद्याला हा सांधा विकू नये, असा बंध त्यांनी कारखानदारावर कित्येक वर्षे ठेवला. आपल्या मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी परत द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत, आणि रुग्णही आनंदाने मान्य करीत. दीर्घकाळाचे निष्कर्ष त्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केले, म्हणजे पहिल्या वाटीनंतर दहा वर्षांनी.

पण प्रत्येक नव्या सांध्यासाठी दहा वर्षे थांबायचे कोणी? आणि तोवर तो ज्यांच्या अंगात बसेल त्यांचे काय? रुग्णाला विचारून भागत नाही, कारण टेफ्लॉनचे रुग्णही पहिली दोन वर्षे आनंदात होते. साध्या फोटोत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे सरकणे धड मोजता येत नाही.

उत्तर स्वीडनमधून आले. लुंड येथील योरान सेल्विक यांनी १९७४ साली आपल्या प्रबंधात एक युक्ती मांडली. टँटलम धातूचे मोहरीहून लहान मणी शस्त्रक्रियेच्या वेळी हाडात पेरून ठेवायचे, आणि नंतर ठराविक काळाने दोन बाजूंनी एकाच क्षणी क्ष-किरण फोटो घ्यायचे. हाडातले मणी जागचे हलत नाहीत; त्यांच्या मानाने सांधा किती सरकला ते गणिताने काढायचे. अशाने मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचे सरकणेही पकडता येऊ लागले. आत्याने मुठीत धरून खुंटा हलवावा, तेच हे काम!

१९९४ साली गोटेंबर्गचे योहान शेरहोल्म आणि त्यांचे सहकारी यांनी सिमेंटने बसवलेल्या ८४ दांड्यांचा चार ते सात वर्षांचा हिशेब मांडला. पहिल्या दोन वर्षांत जो दांडा १.२ मिलिमीटर वा अधिक खाली बसला, तो पुढे बदलावा लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघाली. जे ढिले व्हायचे असते ते बहुधा आरंभीच हलू लागते. माणसाला दुखू लागते ते मागाहून.

हे न पाहिल्याने काय होते, त्याचा दाखला त्याच सुमारास मिळाला. बोनलॉक नावाचे नवे सिमेंट बाजारात आले होते. ते घट्ट होताना कमी तापे आणि त्याची वाफही कमी, म्हणून ते पसंत पडले. पण ते कमजोर निघाले. नॉर्वेत १९८७ पासून प्रत्येक बदललेल्या सांध्याची नोंद ठेवली जाते. त्या वहीत बोनलॉकचे सांधे लवकर ढिले होताना दिसले. स्वीडनमध्ये मण्यांच्या मोजणीतही थोड्याच रुग्णांवरून ते उघड झाले. १९९५ साली ते बाजारातून गेले. तोवर ते अनेक देशांत वापरले गेले होते. ही मोजणी आधी आणि बाजार नंतर, असे झाले असते तर कितीतरी जणांची दुसरी शस्त्रक्रिया टळली असती.

मग हललेले सगळेच वाईट? तसेही नाही. इंग्लंडमधील एक्सेटर येथे शल्यवैद्य रॉबिन लिंग आणि यंत्रविद्येचे जाणकार क्लाइव्ह ली यांनी १९७० साली पाचरीसारखा निमुळता, आरशासारखा गुळगुळीत दांडा केला. १९७६ पासून तो खरखरीत पृष्ठाचा होऊ लागला. खरखरीत दांडा सिमेंटला अधिक घट्ट धरील असे कुणालाही वाटेल. पण तोच जास्त ढिला होऊ लागला. १९८६ साली गुळगुळीत दांडा परत आला. तो पहिल्या दोन वर्षांत मिलिमीटरभर खाली बसतो, पण सिमेंटच्या आतल्या आत. पाचर जशी दाबाने घट्ट होते तसा तो बसतो, आणि सिमेंट व हाड यांची सांधजोड शाबूत राहते. तेव्हा किती हलले एवढेच पाहून चालत नाही. कुठे हलले आणि हलणे पुढे थांबले का, हेही पाहावे लागते.

एवढे सगळे मी आत्याला सांगितले. तिच्या हाडात मणी नाहीत. ते संशोधनातल्या रुग्णांच्या अंगात असतात. त्या अनोळखी माणसांनी आपल्या हाडांत मणी वागवले, म्हणून कोणता दांडा विश्वासाचा हे आपल्या डॉक्टरांना कळते. साध्या फोटोत डॉक्टर एवढेच पाहतात की, सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये काळी रेघ उमटून रुंदावत तर नाही ना. उमटली तर दुखण्याआधी कळते, आणि हाड खचण्यापूर्वी उपाय करता येतो.

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे खुंटा हलवून बघतात, असेच ना?”

“तसेच.”

“मग आधीच नाही का सांगायचे!”

दुसऱ्या दिवशी फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून बोटाने सिमेंटची कड दाखवली. रेघ नव्हती. घरी आल्यावर आत्याने माळ्यावरचे जाते खाली काढायला सांगितले. दळायला तिला आता खाली बसता येत नाही, पण नातसुनेला समोर बसवून तिने खुर्चीतूनच हुकूम सोडला, “आधी खुंटा हलवून बघ.”