बंपर कुणासाठी असतो?

मागच्या हिवाळ्यात केळापूरजवळ आमच्या गाडीसमोर एक रोही आलं. ब्रेक लागला, पण थोडा उशिरा. रोही उठून शेतात पळालं, आम्ही चौघं धडधाकट होतो. बंपर मात्र डाव्या बाजूनं फाटून लोंबकळत होता. सकाळी पांढरकवड्यात एका डेंटरकडं गेलो. मोठा भाऊ म्हणाला, "हा प्लास्टिकचा कागद काढा आणि समोर चांगला लोखंडी गार्ड टाका." डेंटरनं वाकून टॉर्च मारला. "भाऊ, बंपर फाटला तं फाटला, मांगचा दांडा पाह्यला का?"

त्या प्रश्नामागं शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

केळापूर तालुक्याचं मुख्यालय पांढरकवडा. इथून जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणून ओळखला जातो. जुनी माणसं अजून त्याला 'सात नंबर' म्हणतात, कारण तो वाराणसी ते कन्याकुमारी या महामार्ग ७ चा भाग होता. पुढं पैनगंगा ओलांडली की तेलंगण. तालुक्यातच टिपेश्वर अभयारण्य. म्हणजे ट्रक, गुरं, रोही आणि रानडुक्कर यांना एकच रस्ता. इथं बंपर ही शोभेची वस्तू नाही.

आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या पिढीचा बंपर लोखंडी होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि तिकडं बंगालातली अँबॅसडर. दोघींच्या तोंडावर क्रोमचा मुलामा दिलेली चकचकीत पट्टी. ठोकर लागली की नटबोल्ट काढायचे, पट्टी ऐरणीवर सरळ करायची, पुन्हा लावायची. दुरुस्ती सोपी होती. पण पट्टी थोडंच शोषायची. बाकीचा धक्का सरळ चॅसीला, आणि तिथून बसलेल्या माणसाला.

अमेरिकेत हा प्रश्न आधी पैशांच्या बाजूनं विचारला गेला. पार्किंगमधल्या किरकोळ टकरीतही दिवे फुटायचे. म्हणून सप्टेंबर १९७२ पासून तिथं नियम आला: ताशी ५ मैल, म्हणजे साधारण ८ किलोमीटर वेगानं पुढून धडक बसली तरी दिवे आणि सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. गाड्यांना लांबलचक, जड बंपर आले. १९८२ मध्ये ही अट निम्म्यावर, अडीच मैलांवर आणली गेली. दरम्यान फ्रान्सच्या रेनॉ ५ या गाडीनं १९७२ मध्येच प्लास्टिकचे बंपर लावून वेगळी वाट दाखवली होती: धक्का झेलून परत आकारात येणारं, हलकं साहित्य. आपल्याकडं मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, आणि तिच्यासोबत हळूहळू काळ्या प्लास्टिकच्या बंपरची सवय. २००३ मध्ये युरोपनं आणखी एक बाजू कायद्यात आणली: गाडीसमोर येणारा पादचारी. समोरचा भाग त्याच्या पायांसाठी आणि डोक्यासाठीही मऊ असला पाहिजे.

म्हणून आज ज्याला आपण बंपर म्हणतो, तो खरं तर थरांचा डबा आहे. बाहेर दिसतं ते नुसतं कव्हर, बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचं. त्यामागं अनेक गाड्यांत थर्मोकोलसारखा फोम. त्यामागं आडवा दांडा, आणि तो चेपला की धक्का खाणारे दोन छोटे डबे. कव्हर फेंडरशी धरून ठेवतात त्या क्लिपा आणि ब्रॅकेट. कव्हरला भेग पडणं हा बहुधा दिसण्याचा प्रश्न असतो. दांडा वाकणं हा जिवाचा.

आमच्या डेंटरनं हेच केलं. कव्हर उतरवलं. दांडा डावीकडं वाकला होता, एक ब्रॅकेट तुटलं होतं. बाहेरून तो वाकलेपणा दिसत नव्हता. मी सांगेन ते एवढंच: अपघातानंतर कव्हर उतरवल्याशिवाय 'बदलू की दुरुस्त करू' हे ठरवू नका. कव्हरच्या मागच्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो. पीपी असेल तर भेग गरम करून जोडता येते. क्लिपांच्या जागाच तुटल्या असतील तर नवं कव्हर घेणं बरं. दांडा वाकला असेल तर ठोकून सरळ करू नका, बदला; एकदा चेपलेला भाग दुसऱ्यांदा तसा धक्का खात नाही.

मग विम्याचं गणित. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो. समजा कव्हर ८,००० रुपयांचं. हाती ४,०००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० सक्तीची कपात. उरले ३,०००. सलग चार वर्षं दावा नसेल तर पुढच्या हप्त्यात ४५ टक्के सूट मिळते, आणि एका दाव्यानं ती शून्य होते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० असेल तर ३,६०० गेले. म्हणजे फक्त कव्हरसाठी दावा केला तर तोटा आपलाच. दांडा, दिवे, रेडिएटर गेले असतील, किंवा 'झिरो डेप' असेल, तर गणित उलटतं.

राहिला गार्ड. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना असे गार्ड काढायला लावा असं कळवलं, कारण ते मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध जातात. कारण नुसतं कायद्याचं नाही. गार्ड चॅसीला बांधला की जो धक्का चेपणाऱ्या भागांनी खायचा, तो थेट आत येतो. एअरबॅगची वेळ चुकू शकते. आणि समोर माणूस असेल तर त्याला लोखंडच लागतं. रोही उठून गेलं, त्यात मऊ कव्हरचा हात नसेलच असं नाही.

भावानं बराच वेळ गाडीभोवती चकरा मारल्या. शेवटी नवा दांडा आणि ब्रॅकेट घेतलं, कव्हर जोडून रंगवलं. भेगेची रेघ जवळून अजून दिसते. गार्डचे पैसे वाचले; त्यातून त्यानं हेडलाइट नवे टाकले.