अंगठा आणि पदर

गेल्या शनिवारी आजीचा फोटो 'नीट' करायला बसलो. पुढच्या आठवड्यात तिचं वर्षश्राद्ध, बाबांना हॉलमध्ये लावायला मोठी प्रिंट हवी आहे. फोटो मीच काढलेला, तिच्या नकळत. उंबऱ्यावर बसून आजी कशाला तरी मनापासून हसतेय. कडेला कप धरलेला आत्याचा हात आलाय आणि आजीचा डोक्यावरचा पदर घसरलाय. आत्याचा लगेच फोन, "माझा हात उडव आणि तिच्या सुरकुत्या जरा कमी कर रे." म्हटलं, दहा मिनिटांचं काम! पण क्लोन टूल घेतलं आणि एक प्रसिद्ध अंगठा आठवला.

१९३६ साल, अमेरिकेतली महामंदी. डोरोथिया लँग ही सरकारी कामावरची छायाचित्रकार कॅलिफोर्नियात नायपोमो इथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत थांबली. पीक गारठून गेलेलं, हाताला काम नाही. तिथे तंबूत मुलांना घेऊन बसलेल्या ३२ वर्षांच्या एका बाईचे तिने काही फोटो काढले. त्यातलाच एक 'मायग्रंट मदर' म्हणून जगभर गाजला.

त्या फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँगला तो खुपायचा. काही वर्षांनी तिने तो थेट निगेटिव्हवरच पुसून घेतला. तिचा वरिष्ठ रॉय स्ट्रायकर याला हे अजिबात रुचलं नाही. सरकारी दस्तऐवजात फेरफार कसला करता, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे अंगठा पूर्ण गेलाच नाही, त्याची पुसट खूण अजून दिसते. आपल्या भाषेत सांगायचं तर बाईंनी बॅकअप न घेता प्रॉडक्शनवर बदल केला! जुन्या प्रिंट होत्या म्हणून मूळ फोटो निदान कळतो तरी.

पण मला वाटतं, खरी चूक अंगठ्याची नव्हतीच. लँगने त्या बाईचं नावही विचारलं नव्हतं. पुढे तिने लिहिलं, की त्या कुटुंबाने गाडीचे टायर विकून अन्न आणलं होतं. घरच्यांनी ते साफ नाकारलं. १९७८ मध्ये एका पत्रकाराने त्या बाईला शोधून काढलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी वंशाची. तिचं म्हणणं होतं, हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, मला यातून एक पैसाही मिळाला नाही. तिच्या दारिद्र्याचा चेहरा जगभर भिंतींवर, आणि तिला कुणी विचारलंच नाही.

आता परत आजीकडे. हात ठेवायचा की काढायचा, सुरकुत्या किती टक्के.. हे प्रश्न एकदम किरकोळ वाटायला लागले. कारण आजी कॅमेरा दिसला की आधी पदर सारखा करायची. कायम. हा फोटो तिला दाखवायचा राहूनच गेला. दाखवला असता तर हसली असती, पण "चारचौघांत लावू नको हो" असंही नक्की म्हणाली असती. पदर काय फोटोशॉपमध्ये काढायचा?

शेवटी फक्त उजेड थोडा वाढवला. हात तसाच, सुरकुत्या तशाच, मूळ फाईल वेगळी जपून ठेवली. एक प्रिंट आत्याला आणि एक माझ्या कपाटात. हॉलमध्ये मात्र आजीने स्वतः स्टुडिओत जाऊन, पदर सारखा करून काढलेला फोटो लागेल. बाबा थोडे खट्टू झालेत, हसरा फोटो त्यांना जास्त आवडला होता. त्यांना हे सगळं कसं समजवायचं, ते अजून ठरत नाहीये.

असो.