‘मांबो?’ विचारणारा फोन



लॉकडाऊनमध्ये सासूबाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या दोनदा संपत आल्या होत्या. त्यांचा चौविहार, म्हणून संध्याकाळची गोळी सूर्यास्ताच्या आत. वेळ कधी चुकली नाही, पण डबीच रिकामी झाली तर? त्या काळजीत असताना मुलीने केनियातली हकिकत वाचायला पाठवली.

तिथे 27 डिसेंबर 2007 ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि निकालावरून दंगली पेटल्या. हजारावर माणसं गेली, लाखो घरदार सोडून पळाली. त्यात एचआयव्हीचे रुग्णही होते. त्यांचं औषध रोजचं आणि जन्मभराचं. मध्ये खंड पडला तर विषाणू त्याच औषधाला दाद देईनासा होतो.

योगायोग असा, की मे 2007 पासून नैरोबी आणि काजिआडोच्या तीन दवाखान्यांत एक प्रयोग चालू होता. नर्स दर आठवड्याला रुग्णाच्या साध्या मोबाईलवर एकच शब्द पाठवी, ‘मांबो?’ स्वाहिलीत ‘कसं काय?’ उत्तर ‘सावा’ म्हणजे ठीक, ‘शिडा’ म्हणजे अडचण. शिडा आलं, किंवा दोन दिवस काहीच आलं नाही, तर नर्स स्वतः फोन करी. निरोपात ना आजाराचं नाव, ना गोळीचं. घरात दुसऱ्या कुणी वाचला तरी काही कळणार नाही. हे ज्या कुणाला सुचलं त्याला घर कळत होतं! दंगलीच्या दिवसांत रुग्णांशी संपर्क ठेवायला मोबाईलच कामी आला.

मी कॉमर्सची, आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. एकूण 538 रुग्ण. 273 जणांना निरोप, 265 जणांना नेहमीची सेवा. वर्षाने निरोपवाल्यांतले 62 टक्के औषध नियमित घेतो म्हणाले, बाकीच्यांतले 50. सांगणं वेगळं नि घेणं वेगळं, असं तुम्ही म्हणाल. पण रक्ततपासणीतही विषाणू दबलेले 57 टक्के, दुसरीकडे 48. हे 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

पुढे कॅमेरूनमध्ये, याउंडेला, दर आठवड्याला धीर देणारे निरोप पाठवले, पण उत्तर मागितलं नाही. तिथे म्हणावा असा फरक पडला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही.

माझी मुलगी रोज ‘गोळी घेतली का?’ असा मेसेज टाकते. मी अंगठा पाठवते, कधीकधी गोळी घेण्याआधीच. आता तिला सांगितलंय, रविवारी फोनच कर.